शेठच्या चिठ्ठीवरचा किराणा

आमचं किराणा दुकान रस्त्याला लागूनच आहे, ठाणे जिल्ह्यातल्या आतल्या एका तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, वेठबिगारीची केस अजून चालू आहे. दुकानाच्या मागे पाऊण किलोमीटरवर नदीच्या अंगाला वीटभट्ट्या. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं टेम्पोने येतात, पत्रे, टोपल्या, कोंबड्या, पोरं सगळं एकाच टेम्पोत, आणि पाऊस तोंडावर आला की परत आपापल्या वाडीवर जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे 14 वर्षं मी हे बघतेय. त्यामुळे लोक जेव्हा विचारतात की भट्टीवर माणसं वेठीला धरलीत हे तुला बरं कळलं, तेव्हा खरं उत्तर हे आहे की 13 वर्षं मला काहीच कळलं नव्हतं.

त्यातल्या एका भट्टीच्या शेठचं आमच्याकडे खातं होतं. मजुरांच्या हातात रोख पैसा नाही, आठवड्याला "खर्ची" मिळते आणि ती पण चिठ्ठीवर. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्याच्यावर घरातल्या पुरुषाचं नाव, आकडा 400 नाहीतर 500, खाली मुनीमची सही. चिठ्ठी आली की मी तांदूळ, सुकट, मिरची, गोडेतेल, चहापावडर असं तेवढ्या पैशाचं भरून द्यायचं, माझ्या वहीत लिहायचं आणि महिनाअखेर शेठचा माणूस येऊन पैसे देऊन जायचा. एक रुपया कधी बुडाला नाही. सीझनमध्ये आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच, खोटं कशाला बोलू.

आता मागे वळून बघितलं की सगळं डोळ्यासमोरच होतं. नवराबायको मिळून दुकानात कधी आलेच नाहीत, एक आला तर दुसरं माणूस आणि पोरं भट्टीवर. कोणाकडे फोन नाही, आणि आजकाल ज्याच्या घरात भांडं नाही त्याच्याकडेही फोन असतो. रिचार्ज मारायला कोणी येत नाही. गावची जत्रा चार पावलांवर पण तिथे एकही कातकरी पोर पाळण्यात दिसलं नाही. सरकारी दवाखान्यात जायचं तरी मुनीम बाईकवर बरोबर. मला वाटायचं शेठ काळजी घेतो. आमच्या सासूबाई तर म्हणायच्या, बघ किती माया करतो मजुरांवर, स्वतःच्या माणसाबरोबर दवाखान्यात पाठवतो.

त्यातली एक 10 वर्षांची पोरगी असेल, ती चिठ्ठी घेऊन यायची. हाताच्या बोटांना चिखलाने भेगा पडलेल्या, नखांच्या कडा पांढऱ्या झालेल्या. एकदा विचारलं शाळेत का गं जात नाहीस तर म्हणाली "शाला वाडीवर हाय". एवढंच. मी एक गोळी हातावर ठेवली आणि विषय संपला, म्हणजे माझ्यापुरता संपला.

2025 च्या फेब्रुवारीत एका दुपारी तिची आई आली, एकटीच. दुकानात कोणी नाही असं बघून पदराखालून एक छोटी पॉकेट डायरी काढली. शेठ प्रत्येक कुटुंबाला अशी एक डायरी देतो, त्यात मुनीम हिशोब लिहितो, पण वाचता कोणाला येत नाही. म्हणाली, "ताई एवडं वाचून सांग, आमचं किती ऱ्हायलंय." मी चष्मा लावून वाचायला घेतली.

मागची बाकी 11,500. या वर्षीचा बयाणा 15,000, हा गणपतीच्या आधी वाडीवर येऊन दिलेला. बयाणा म्हणजे उचल, ऊसतोडीला उचल म्हणतात आमच्याकडे भट्टीवर बयाणा. मग टेम्पोभाडं 3,000. पत्रे 1,800. डॉक्टर 600. भट्टीची पूजा 200, हो, पूजेचे पण. डिसेंबरात अवकाळी पडला त्यात भिजलेल्या कच्च्या विटा 2,000 वजा. आणि जमेची बाजू पूर्ण कोरी, कारण विटा मोजून हिशोब शेवटी पाऊस लागल्यावर होतो. म्हणजे पाडलेल्या विटा अजून कुठे लिहिलेल्या नाहीत पण फुटलेल्या भिजलेल्या तेवढ्या आधीच वजा झालेल्या.

आणि मग किराणा. तारीख होती, पुढे 700. त्याच्या पुढच्या आठवड्याला 800. माझा हात थांबला. मी उठून माझी लाल वही काढली, तीच तारीख, तेच नाव, माझ्या अक्षरात 400. पुढचा आठवडा 450. मी सहा-सात नोंदी ताडून बघितल्या, एकही जुळेना. मी 400 चा माल दिलाय, शेठने मला 400 च दिलेत आणि तिच्या डोक्यावर 700 चढवलेत. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय सांगितलं असेल? म्हटलं नंतर नीट बघून सांगते. घाबरले मी.

त्यानंतर आठवडाभरात त्या बाईच्या आईच्या आजाराचा निरोप आला, रायगडकडच्या वाडीवरून, कोणत्यातरी फोनवरून दुसऱ्या भट्टीवरच्या माणसाला. ती माझ्या फोनवरून बोलली, मी उभीच होते. बोलणं झाल्यावर मी म्हटलं जाऊन ये ना मग, तीन-चार तासांचा तर रस्ता आहे. तर म्हणाली, शेट बोलला तू जा, नवरा आणि पोरं हितं ठेवून जा. मागच्या साली तिचा दीर न सांगता पोरांना घेऊन वाडीवर गेला होता तर तिसऱ्या दिवशी जीप पाठवून परत आणला, पोरांसकट. मारलं का विचारलं तर नुसतं हसली. पैसं फिटले की जाऊ म्हणाली. आधार आणि रेशनकार्ड कुठे आहे तर तेही शेठच्या कपाटात, "हरवू नये म्हणून".

त्या रात्री मला 2022 ची बातमी आठवली. इगतपुरीकडची कातकरी पोरं मेंढपाळांकडे राबायला दिली होती, काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात, त्यातली एक मुलगी दगावली तेव्हा ते सगळं बाहेर आलं. पेपरातली ती बातमी मी याच गल्ल्यावर बसून वाचलेली आणि हळहळले पण होते. मागे भट्टीचा धूर दिसत होता तेव्हाही.

आता मी केलेली चूक सांगते, कारण ही चूक माझ्यासारखी शंभरातली नव्वद माणसं करतील. मी गावातल्या एका मोठ्या माणसाच्या कानावर घातलं, वाटलं त्यांचा शब्द शेठ ऐकेल, गोडीगुलाबीने सुटेल. दुपारी सांगितलं, संध्याकाळी शेठ दुकानासमोर. गाडीतून उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, "काय वहिनी, दुकान चांगलं चाललंय ना?" आणि काच वर. बस एवढंच. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद, पोरगी दिसेना. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. ह्यांना पण सांगितलं नव्हतं काही, सांगितलं तेव्हा हे म्हणाले तू आपल्या पोटावर पाय देणारेस. तिसऱ्या दिवशी पोरगी आली चिठ्ठी घेऊन तेव्हा कळलं की सगळ्यांना त्याच्या दुसऱ्या गावच्या भट्टीवर नेऊन ठेवलं होतं, कोणी आलं तर दिसू नयेत म्हणून.

मग झेडपी शाळेच्या बाईंशी बोलले. बाईंकडे आदिवासींमध्ये काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याचा नंबर होता. आमच्या जिल्ह्यात वेठबिगार हा शब्द तसा जुना आहे, विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने 80 च्या दशकात वसई पट्ट्यात वेठबिगार सोडवले ते आमचे सासरे सांगायचे. पण मला वाटायचं ते तेव्हाचं, सावकार आणि शेतावरचे गडी वगैरे, आता कुठे असतं तसं.

त्या दादांना तालुक्याला एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर भेटले, बाई बरोबर होत्या. ते पहिलं वाक्य काय बोलले तर, "ताई आता भट्टीवर जाऊ नका, फोटो काढू नका आणि त्या बाईला उद्या सोडवतो असं काही बोलू नका." मी तोपर्यंत दोन पानी अर्ज लिहून नेला होता. शाळेतल्या निबंधासारखा, दयनीय अवस्था, हृदय पिळवटून टाकणारे दृश्य वगैरे. त्यांनी पेन काढला आणि पहिलं पान पूर्ण कापलं. म्हणाले साहेबाला दया येऊन उपयोग नाही, साहेबाला कलम लागायला पाहिजे. मी लिहिलं होतं "मजुरी थकवली आहे". ते म्हणाले हे वाक्य राहिलं तर तुमचा अर्ज कामगार खात्याकडे पैशाचा वाद म्हणून जाईल आणि शेठ पाच हजार टेकवून मोकळा होईल.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. 1976 चा कायदा आहे, वेठबिगार पद्धत बंद करणारा. उचल घेतली हा काही गुन्हा नाही, उचल घेऊन लोक कामाला जातातच. पण त्या उचलीपायी माणूस दुसरीकडे कामाला जाऊ शकत नसेल, किंवा मोकळेपणी कुठे जाऊ येऊ शकत नसेल, किंवा किमान वेतनापेक्षा कमीवर राबत असेल, तर ती वेठबिगारी. यातलं एक असलं तरी पुरतं, सगळं असायला पाहिजे असं नाही. साखळदंड, कुलूप काही लागत नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, हे सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगून ठेवलंय, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये. आणि माणूस वेठबिगार ठरला की ते कर्ज कायद्यानेच संपतं, फेडायचा प्रश्नच नाही. मजूर म्हणाला की हे वेठीचं कर्ज आहे, तर तसं नाहीये हे मालकाने सिद्ध करायचं. हे ऐकून मी दोनदा विचारलं, म्हणजे बाईने काही सिद्ध करायचं नाही? नाही म्हणाले.

अर्ज झाला एका पानाचा. भट्टी कुठे, कुटुंबं किती (पाच), मोठी माणसं किती, पोरं किती आणि त्यातली काम करणारी किती, कुठल्या तालुक्यातून आणली, बयाणा किती, कागद कोणाकडे, बाहेर जायला बंदी आहे का, परत पकडून आणल्याचा प्रसंग, हिशोबातला फरक. विषयात मोठ्या अक्षरात वेठबिगार मुक्ती. प्रति प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय अधिकारी, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. माझं नाव गुप्त ठेवा असं खाली लिहिलं. पोरं होती म्हणून बाईंनी 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाईनला पण फोन लावला, तिकडच्यांनी बरंच नीट विचारून घेतलं. दादा म्हणाले मारहाण चालू असेल, आत्ताच जीवाला धोका असेल तर थेट 112, तिथे अर्ज लिहीत बसायचं नाही.

ऑफिसात काऊंटरवरच्या माणसाने अर्ज वाचला आणि परत सरकवला, हे आमच्याकडे नाही, लेबरला जा. दादांनी सांगितलेलंच होतं की असं होणार. मी म्हटलं लेबरचं नाही साहेब, वेठबिगारचं आहे, ते कलेक्टर आणि प्रांतांचंच काम आहे, तुम्ही फक्त पोच द्या. पाय लटपटत होते पण बोलले. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघितलं आणि शिक्का मारला.

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला गाड्या गेल्या मागे. मी दुकान उघडत होते, दूधवाला म्हणाला धाड पडली वाटतं.

पुढचं मी थोडं बघितलं आणि थोडं बाईंकडून ऐकलं, कारण नऊच्या सुमारास सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आणलं आणि पोरांसाठी बिस्किट-दूध माझ्याच दुकानातून गेलं, मीच घेऊन गेले. नायब तहसीलदार, कामगार खात्याचे अधिकारी, पोलीस, दोन महिला पोलीस, बालसंरक्षणच्या मॅडम. भट्टीवर सगळ्या कुटुंबांनी एकच सांगितलं होतं, आम्ही खुशीने आलोय, शेठ चांगला आहे. शेठ तिथेच उभा होता ना. म्हणून हॉलवर आणलं आणि एकेका कुटुंबाला वेगळं बसवून विचारायला लागले. त्या पोरीच्या आईची पाळी आली तेव्हा मी दारात रिकामी किटली घेऊन उभी. तीही तेच म्हणाली, खुशीने आलोय. साहेब म्हणाले बरं, मग उद्या दुसऱ्या शेठने जास्त पैसे दिले तर जाशील का तिकडे? ती त्यांच्याकडे अशी बघायला लागली की काय वेड्यासारखं विचारतोय हा माणूस.

"शेटचं पैसं फिटल्याबिगर?"

साहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं किती फिटले, किती राहिले. तिने पदराखालून डायरी काढली, आणि माझ्याकडे बघितलं.

माझं नाव गुप्त राहायचं ते तिथेच संपलं. मी म्हटलं साहेब, माझी वही पण बघा. धावत जाऊन लाल वही आणली. टेबलावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून ते साहेब बोटाने एकेक तारीख जुळवत होते, 400 आणि 700, 450 आणि 800, आणि शेठ बाहेर खिडकीतून बघत होता. तोपर्यंत गावातली चार-पाच मोठी माणसं पण जमली होती. मिटवून टाका, सगळं कर्ज माफ करतो म्हणतोय शेठ, वर दहा दहा हजार देतो, गरीब लोक आहेत घेतील, केसच्या भानगडीत त्यांचेच हाल. ऐकायला बरं वाटतं हो. मलाही क्षणभर वाटलं घ्यावेत, पाच कुटुंबांना रोख दहा हजार म्हणजे थोडे नाहीत. पण दादा फोनवर एकच सांगत होते, मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी कागद, त्याशिवाय हलायचं नाही. कारण मिटवलं की कागदावर ते वेठबिगार नव्हतेच, आणि पुढच्या दिवाळीला तोच शेठ नाहीतर त्याचा भाऊ बयाणा घेऊन वाडीवर हजर.

जबाब रात्री एकपर्यंत चालले. पंचनाम्यात कपाटातले आधार, रेशनकार्डं निघाली, रबर लावून गठ्ठा केलेला. गुन्हा दाखल झाला, वेठबिगार कायदा, भारतीय न्याय संहितेतलं सक्तीच्या मजुरीचं कलम 146, आणि कातकरी म्हणजे अनुसूचित जमात त्यामुळे अॅट्रॉसिटी. प्रमाणपत्रं तिसऱ्या दिवशी मिळाली, सरकारी गाडीने वाडीवर सोडलं. त्या बाईची तिच्या आईशी भेट झाली का, तर झाली, म्हातारी होती अजून.

पैशांचं विचाराल तर तातडीची मदत 30,000 पर्यंत असते, ती यायला बरेच महिने लागले, कारण बँकेत खातीच नव्हती. मोठी रक्कम, पुरुषाला 1 लाख, बाईला आणि पोरांना 2 लाख, अगदी वाईट प्रकार असेल तर 3 लाख, ती केसच्या निकालापर्यंत लटकलेली. पाचपैकी एक कुटुंब मध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी भट्टीवर गेलं म्हणे, नवा बयाणा घेऊन. दादांना हे सांगताना मला राग आला होता, ते म्हणाले ताई पावसाळ्यात वाडीवर चूल कशाने पेटणार ते पण बघायला पाहिजे ना, आणि गप्प बसले. ती पोरगी मात्र आश्रमशाळेत घातलीये, बाई जाऊन बघून आल्या.

आमचं काय झालं तर शेठचं खातं अर्थात गेलं आणि त्याच्या ओळखीतल्या आणखी दोन भट्ट्यांचंही गेलं. हे दीड महिना माझ्याशी कामापुरतं बोलत होते. सासूबाई मात्र, मला वाटलं त्या सगळ्यात जास्त ओरडतील, तर त्या एवढंच म्हणाल्या की पूजेचे 200 रुपये लावले मेल्याने, त्याला देव बघून घेईल.

आणि माझी लाल वही. ती मुद्देमाल म्हणून जमा झाली, केस संपेपर्यंत परत मिळणार नाही. शेठच्या पानांच्या झेरॉक्स मिळाल्या मला, पण त्याच वहीत मागच्या बाजूने अख्ख्या गावाची उधारी होती, ती राहिली तिकडे. नव्या वहीत आठवून आठवून लिहितेय. निम्मं गाव म्हणतं आमचं काही नव्हतंच, आणि मिटवून टाका म्हणणाऱ्यांपैकी एकाचे चांगले साडेतीन हजार होते, ते आता रस्त्याच्या पलीकडून जातात.